उंदरांतील डिजॉक्सिन, अश्वगंधा आणि एलायझा किट

नाशिकच्या एका फार्मसी महाविद्यालयात एम.फार्म. करणाऱ्या विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला आहे. विस्टार या प्रयोगशाळेतील जातीच्या उंदरांना काही दिवस अश्वगंधाचा अर्क देऊन त्यानंतर डिजॉक्सिन हे हृदयविकाराचे औषध दिले, तर डिजॉक्सिनचे शोषण आणि उत्सर्जन बदलते का, हे तिला प्रबंधासाठी पाहायचे आहे. आराखड्यात तीन गट आहेत : नुसते डिजॉक्सिन, अश्वगंधा आणि डिजॉक्सिन, क्विनिडिन (हृदयाच्या ठोक्यांवरचे औषध) आणि डिजॉक्सिन. बाजारात मिळणारे डिजॉक्सिनचे एलायझा किट (प्रतिपिंड आणि एन्झाइम वापरून औषध मोजणारा संच) पुरेसे आहे, असे गाईड म्हणतात. एलसी-एमएस/एमएसशिवाय (रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राशिवाय) हे काम ग्राह्य धरता येणार नाही, असे बाहेरचे परीक्षक म्हणतात. महाविद्यालयात ते यंत्र नाही. ऐकावे कोणाचे, आणि किटवरच काम करायचे झाल्यास काय सांभाळावे, असे तिने विचारले आहे.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तुमच्या या विशिष्ट प्रयोगात परीक्षकांची शंका जास्त वजनदार आहे. यंत्र महाग म्हणून त्याचा निकाल खरा, असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही निवडलेला प्राणी आणि तुम्ही निवडलेली वनस्पती या दोन्ही गोष्टी नेमक्या अशा आहेत, की त्यांच्यामुळे डिजॉक्सिनची इम्युनोॲसे चाचणी, म्हणजे एलायझासारखी प्रतिपिंडांवर चालणारी मोजणी, फसू शकते. हेच काम माणसांवर आणि अश्वगंधा वगळून होत असते, तर मी निःसंकोचपणे गाईडच्या बाजूने मत दिले असते.

आधी या चाचणीचे श्रेय तिला देऊ. अत्यल्प मात्रेत काम करणाऱ्या औषधांचा शरीरातील प्रवास मोजणे हे किती अवघड आहे, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ५५ लिटर एवढ्या वितरण-घनफळात (रक्तातल्या पातळीवरून औषध जेवढ्या द्रवात पसरले असे भासते ते घनफळ) पसरते, म्हणजे रक्तद्रवात तिची पातळी मिलिलिटरमागे ९,००० नॅनोग्रॅमच्या आसपास जाते. डिजॉक्सिनची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, आणि ते ऊतींमध्ये इतके शिरते की त्याचे वितरण-घनफळ किलोमागे सुमारे ७ लिटर, म्हणजे त्याच माणसात ४२० लिटर भरते. गोळीतले सगळे औषध शोषले गेले असे धरले तरी मिलिलिटरमागे ०.६ नॅनोग्रॅम एवढेच हाती लागते. हा फरक १५,००० पटींचा आहे. डिजॉक्सिनचा रेणुभार ७८१ आहे, तेव्हा ०.६ नॅनोग्रॅम म्हणजे जेमतेम पाऊण नॅनोमोलर. चांगले प्रतिपिंड नेमके याच टप्प्यात, एक नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी तीव्रतेला, आपले लक्ष्य पकडून ठेवू शकते, आणि तेही प्रथिने, मेद व क्षार यांनी भरलेल्या रक्तद्रवात, फारशी पूर्वतयारी न करता. ही चाचणी आली त्या १९६०च्या दशकातल्या रासायनिक पद्धतींना हे जमत नव्हते.

या पद्धतीचा जन्मच मुळी शरीर औषधाचे काय करते या प्रश्नातून झाला, हे फार थोडे विद्यार्थी लक्षात ठेवतात. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या व्हेटरन्स रुग्णालयात रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन हे किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन टोचून ते रक्तातून किती वेगाने नाहीसे होते, हे पाहत होते. ज्यांनी पूर्वी इन्सुलिनचे उपचार घेतले होते त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकून राहते, असे त्यांना आढळले, आणि त्याचे कारण त्या रुग्णांच्या रक्तातील इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे हे निघाले. हे निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेच प्रतिपिंड मोजमापासाठी वापरता येईल ही कल्पना त्यातून निघाली, १९६० पर्यंत इन्सुलिनची रेडिओइम्युनोॲसे (किरणोत्सारी खूण वापरणारी इम्युनोॲसे) उभी राहिली, आणि यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये वारले होते. डिजॉक्सिनसारख्या लहान रेणूची गोष्ट थोडी वेगळी होती, कारण तेवढ्या रेणूला प्रतिकारयंत्रणा दाद देत नाही. त्याला एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडूनच प्राण्याला टोचावे लागते. व्हिन्सेंट बटलर आणि जॉन चेन यांनी १९६७ मध्ये ते साधले, आणि १९६९ मध्ये थॉमस स्मिथ, बटलर व एडगर हेबर यांनी रुग्णांच्या रक्तातील डिजॉक्सिन मोजणारी चाचणी मांडली. दोनच वर्षांत, १९७१ मध्ये, लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की वेगवेगळ्या उत्पादनांच्या, एकाच मात्रेच्या डिजॉक्सिन गोळ्यांनी रक्तातील पातळीत सातपटीपर्यंत फरक पडतो. क्विनिडिन दिल्यावर डिजॉक्सिनची पातळी सुमारे दुप्पट होते हे १९७८ मध्ये कळले, तेही याच चाचणीमुळे. तुमच्या आराखड्यातला क्विनिडिनचा गट म्हणजे त्याच निरीक्षणाचा वारसा आहे. स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी १९७१ मध्ये किरणोत्सारी खुणेच्या जागी एन्झाइम बसवले आणि आज तुमच्या टेबलावर येणारे ९६ कप्प्यांचे एलायझा किट शक्य झाले.

आता अडचणीकडे येतो. तुमचे किट डिजॉक्सिन मोजत नाही. त्यातले प्रतिपिंड ज्याला ज्याला चिकटते त्या सर्वांची बेरीज ते डिजॉक्सिनच्या एककात सांगते. मूळ औषधच बहुतांश असेल तर ही बेरीज आणि डिजॉक्सिन यांत व्यवहारात फरक राहत नाही. माणसांत नेमके हेच होते, कारण शिरेतून दिलेल्या मात्रेचा ५० ते ७० टक्के भाग मूत्रपिंडावाटे न बदलता बाहेर पडतो आणि यकृतातील चयापचय किरकोळ असते. वर सांगितलेले इतिहासातले निष्कर्ष त्यामुळेच टिकले.

उंदराचे यकृत वेगळे वागते. डिजॉक्सिनच्या रेणूत एका टोकाला लॅक्टोन वलय असलेला स्टिरॉइडचा भाग असतो आणि दुसऱ्या टोकाला डिजिटॉक्सोज या शर्करेचे तीन घटक साखळीने जोडलेले असतात. उंदराच्या यकृतातील सिप३ए (CYP3A) या औषधे मोडणाऱ्या गटाची एन्झाइमे ही साखळी टोकाकडून एकेक घटक करत तोडतात. आधी बिसडिजिटॉक्सोसाइड, मग मोनोडिजिटॉक्सोसाइड आणि शेवटी नुसते डिजॉक्सिजेनिन. आता प्रतिपिंड कसे बनवले जाते ते आठवा. बटलर आणि चेन यांनी पेरिआयोडेटने साखळीतली शेवटची शर्करा उघडून तिथूनच प्रथिनाला जोड दिली होती, आणि पुढेही बहुतेक प्रतिपिंडांसाठी हाच मार्ग वापरला गेला. जोडाच्या जवळचा भाग प्रतिपिंडाला नीट दिसत नाही, दूरचा भाग ठळक दिसतो, हा या क्षेत्रातला पक्का नियम आहे. तेव्हा हे प्रतिपिंड मुख्यतः स्टिरॉइडचा भाग ओळखते, आणि शर्करा तीन आहेत, दोन आहेत की एक, याची ते फारशी फिकीर करत नाही. म्हणजे तुमच्या उंदरात जे मेटाबोलाइट (औषध मोडून बनणारे पदार्थ) सर्वाधिक बनणार आहेत, त्यांच्याच बाबतीत किट सर्वात जास्त गाफील असण्याची शक्यता आहे.

गंमत अशी, की हेच प्रतिपिंड दुसऱ्या एका मेटाबोलाइटच्या बाबतीत चोख असते. काही माणसांच्या आतड्यात एगर्थेला लेंटा नावाचा जिवाणू डिजॉक्सिनच्या लॅक्टोन वलयातील दुहेरी बंध संपवून त्याचे निष्क्रिय डायहायड्रोडिजॉक्सिन करतो. बदल स्टिरॉइडच्या टोकालाच झाल्यामुळे बहुतेक चाचण्या हा पदार्थ जवळपास मोजतच नाहीत. किटच्या माहितीपत्रकात ‘मेटाबोलाइटशी क्रॉस-रिॲक्शन नगण्य’ असे एकच वाक्य दिसले (क्रॉस-रिॲक्शन म्हणजे प्रतिपिंडाने दुसऱ्याच रेणूलाही चिकटणे), तर कोणत्या मेटाबोलाइटशी हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ही चूक कितपत महागात पडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका उंदरात तासाभराने डिजॉक्सिनची खरी पातळी मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम आहे आणि आठव्या तासाला ०.२ नॅनोग्रॅम. शर्करा तुटलेले मेटाबोलाइट या संपूर्ण काळात ०.४ नॅनोग्रॅमच्या आसपास रेंगाळतात आणि त्यांची क्रॉस-रिॲक्टिव्हिटी ७५ टक्के आहे. पहिल्या तासाला किट ५.३ दाखवेल, ही ६ टक्क्यांची चूक कोणाच्या नजरेतही भरणार नाही. आठव्या तासाला मात्र ०.२ च्या जागी ०.५ दिसेल, म्हणजे अडीच पट. खरे अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) दीड तासाचे असताना तुमच्या प्रबंधात ते दोन तासांच्या पुढे जाईल. आलेखाची शेपटी ज्या बिंदूंवर उभी असते, नेमके तेच बिंदू बिघडतात.

कोणी म्हणेल की चूक सगळ्याच गटांत सारखी असेल, तेव्हा तुलना करायला हरकत नाही. हा युक्तिवाद मी अनेक सादरीकरणांत ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही, कारण आंतरक्रियेच्या अभ्यासात चूक गटागणिक बदलते. चूक किती मोठी होणार, हे तुम्ही जी गोष्ट शोधत आहात तीच ठरवते. अश्वगंधाने उंदराच्या यकृतातील सिप३ए वाढवले असे क्षणभर धरा. मूळ डिजॉक्सिन उतरेल, शर्करा तुटलेले मेटाबोलाइट चढतील, किट दोघांची बेरीज करेल आणि तुम्ही ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे लिहून मोकळ्या व्हाल.

हे फक्त उंदरांपुरते नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसच्या बाबतीत माणसांतही हेच घडते. हे औषध तांबड्या पेशींत शिरते म्हणून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमधले संपूर्ण रक्त घ्यावे लागते, सिप३ए गट त्याचे अनेक मेटाबोलाइट बनवतो, आणि त्यांतले काही इम्युनोॲसेत मोजले जातात. म्हणूनच एलसी-एमएस/एमएसच्या तुलनेत इम्युनोॲसेचा आकडा सहसा वरचा येतो. समजा, खरी पातळी मिलिलिटरमागे ८ नॅनोग्रॅम आणि मेटाबोलाइटची भर १.५ मिळून अहवालात ९.५ आले. रुग्णाला क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले, एन्झाइम वाढले, खरी पातळी ३ वर आली, मेटाबोलाइटची भर मात्र २ झाली, तर अहवालात ५ दिसेल. प्रत्यक्षात ६२ टक्क्यांची घसरण झाली आणि कागदावर ती ४७ टक्के राहिली. नाशिकमधून नमुने मुंबईच्या दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत गेले आणि आकडे जुळले नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना मी सर्वात आधी अहवालावरची पद्धत वाचायला सांगतो. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळते.  

अश्वगंधाबद्दलची माझी काळजी याहून सरळ आहे. तिच्यातले विथॅनोलाइड हे स्टिरॉइडचा सांगाडा आणि लॅक्टोन वलय असलेले रेणू आहेत, म्हणजे प्रतिपिंड डिजॉक्सिनचा जो भाग ओळखते त्याच्याशी त्यांचे थोडे साम्य आहे. डिजॉक्सिनच्या काही इम्युनोॲसे चाचण्यांत अश्वगंधाचा हस्तक्षेप प्रयोगाने नोंदलाही गेला आहे. तो मोठा नव्हता, पण तुमच्या आलेखाच्या शेपटीतले आकडेही मोठे नसणार. असा हस्तक्षेप अनोळखी नाही. आपल्याकडे कुंपणाला आणि देवळांच्या आवारात सर्रास दिसणारी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, खाऊन विषबाधा झालेल्या रुग्णाच्या रक्तात डिजॉक्सिनची चाचणी होकारार्थी येते. रुग्णाने डिजॉक्सिनची गोळी आयुष्यात पाहिलेली नसते. त्या आकड्यावरून बिट्टी पोटात गेल्याचा संशय बळावतो एवढेच. विषबाधा सौम्य की तीव्र हे त्यावरून ठरवणे धोक्याचे आहे, कारण बिट्टीतल्या ग्लायकोसाइडची क्रॉस-रिॲक्टिव्हिटी किटागणिक बदलते. नवजात बालके, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण यांच्या रक्तातही शरीराने स्वतःच बनवलेले डिजॉक्सिनसदृश पदार्थ या चाचणीला गोंधळात टाकतात, हे रुग्णालयांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे.

म्हणून आराखड्यात चौथा गट घाला : अश्वगंधा मिळणारे, पण डिजॉक्सिन न मिळणारे उंदीर. त्यांचे रक्त त्याच वेळापत्रकाने काढा आणि त्याच किटवर चालवा. त्यांचे आकडे किटच्या खालच्या मर्यादेखाली राहिले, तर निम्मी शंका मिटते. उरलेल्या निम्म्या शंकेसाठी कोऱ्या (काहीही न दिलेल्या) उंदराच्या रक्तद्रवात ज्ञात प्रमाणात डिजॉक्सिन घालून, त्यात अश्वगंधा मिळालेल्या उंदराचे रक्तद्रव मिसळल्यावर आकडा सरकतो का, हे पाहा. काही पदार्थ एकटे असताना काहीच दाखवत नाहीत आणि डिजॉक्सिनच्या सोबत असताना आकडा खाली ओढतात. हे डिजॉक्सिनच्या कमी आणि जास्त अशा दोन्ही पातळ्यांवर करा, कारण क्रॉस-रिॲक्टिव्हिटीची माहितीपत्रकातली टक्केवारी साधारणतः आलेखाच्या मध्यावर काढलेली असते आणि टोकांना ती तशीच राहील याची हमी नसते.

मेटाबोलाइट वेगळे करून मग इम्युनोॲसे करणे हाही मार्ग आहे, आणि एलसी-एमएस/एमएस सहज मिळू लागण्यापूर्वी उत्तम काम याच मार्गाने झाले. मॉर्फिनचे उदाहरण घ्या. स्पेक्टर आणि पार्कर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रेडिओइम्युनोॲसेतील प्रतिपिंड मॉर्फिनच्या तिसऱ्या स्थानावरून जोड देऊन बनवले होते, साहजिकच तिसऱ्या स्थानावर बदल असलेले कोडीन आणि मॉर्फिन-३-ग्लुकुरोनाइड दोन्ही ते ओळखत होते; आणि तोंडाने मॉर्फिन दिल्यावर रक्तात हे ग्लुकुरोनाइड मूळ मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट असते. तिथे सोपी तोड अशी, की ग्लुकुरोनाइड पाण्यात राहणारे असते, तेव्हा योग्य आम्लतेला सेंद्रिय द्रावकाने मॉर्फिन काढून घेतले की ते मागे राहते. नमुन्याचा दुसरा भाग ग्लुकुरोनिडेज एन्झाइमने फोडून पुन्हा मोजला, तर दोन आकड्यांच्या फरकातून संयुग्मित भागाचाही अंदाज येतो. तुमच्याकडे ही युक्ती चालणार नाही, कारण शर्करा गमावलेले डिजॉक्सिनचे मेटाबोलाइट द्रावकात डिजॉक्सिनइतकेच सहज उतरतात. तुमच्यासाठी एचपीएलसी (मिश्रणातले रेणू स्तंभातून वेगवेगळे काढणारे यंत्र) उपयोगी पडेल, आणि ते महाविद्यालयात असणार. त्याचा अतिनील डिटेक्टर एवढ्या कमी पातळीला पाहू शकत नाही, पण स्तंभ रेणू वेगळे करू शकतो. स्तंभातून बाहेर येणारे द्रव दर मिनिटाला वेगळ्या नळीत गोळा करावे, नायट्रोजनच्या झोताखाली पूर्ण सुकवावे, बफरमध्ये पुन्हा विरघळवावे आणि प्रत्येक नळी एलायझावर चालवावी. सुकवण्यात घाई केली आणि ॲसिटोनायट्राइलचा अंश राहिला, तर प्रतिपिंडाची पकड बिघडते आणि स्पर्धात्मक एलायझात रंग कमी म्हणजे औषध जास्त असल्यामुळे रिकामी नळीही भरलेली दिसते. कोणत्या मिनिटाला किती प्रतिक्रिया मिळाली याचा आलेख काढला की किटला दिसणारी बेरीज कोणाकोणाची आहे, हे उघड होते. सगळ्या नमुन्यांवर हे करणे शक्य नाही. एका गटातल्या उंदरांचे आठव्या तासाचे उरलेले रक्तद्रव एकत्र करून एकदा केले, तरी प्रबंधातले एक प्रकरण उभे राहील.

रक्ताचा हिशेब आधीच मांडून ठेवा, कारण संस्थेची प्राणी नैतिकता समिती तो विचारणारच. २५० ग्रॅमच्या उंदरात सुमारे १६ मिलिलिटर रक्त असते आणि दोन आठवड्यांत त्याच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिलिटर, काढणे साधारणपणे मान्य होते. मात्रेपूर्वीचा एक धरून आठ वेळा ०.२ मिलिलिटर घेतले की मर्यादा संपली. प्रत्येक वेळी साधारण १०० मायक्रोलिटर रक्तद्रव मिळेल. किटला २५ मायक्रोलिटर लागत असतील तर दुहेरी मोजणीला ५० जातील आणि ५० उरतील. हे उरलेले ५० पहिल्याच दिवशी वेगळ्या ट्यूबमध्ये, वेगळ्या डब्यात ठेवा. ती ट्यूब पुन्हा मोजणीसाठी उघडू नका. तिचे काम पुढे सांगतो.

किटवरच्या कामात विद्यार्थी जिथे घसरतात, त्यातले बरेचसे रसायनशास्त्राबाहेरचे असते. माहितीपत्रक २० ते २५ अंश म्हणते. निफाडच्या थंडीच्या बातम्या पेपरात झळकतात त्या दिवसांत आपल्या प्रयोगशाळांचे सकाळचे तापमान याच्या बरेच खाली असते आणि मे महिन्यात ते बरेच वर असते. प्रतिपिंडाची पकड तापमानावर अवलंबून असल्यामुळे जानेवारीतली प्लेट आणि मेमधली प्लेट एकमेकींशी तुलना करण्याजोग्या राहत नाहीत. फ्रिजमधून काढलेली प्लेट आणि द्रावणे खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय सुरुवात करू नका, प्लेटवर प्लेट रचून ठेवू नका, कारण मग कडेचे कप्पे आणि मधले कप्पे वेगवेगळ्या वेगाने तापतात. एका उंदराचे आठही नमुने एकाच प्लेटवर असावेत आणि प्रत्येक प्लेटवर चारही गटांचे उंदीर असावेत. पहिली प्लेट डिजॉक्सिनची आणि दुसरी अश्वगंधाची अशी विभागणी केली, तर प्लेटमधला फरक तुम्ही औषधातला फरक म्हणून छापाल. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये नमुने ठेवू नका. त्याचे तापमान ठरावीक काळाने चढते आणि नमुना तुमच्या नकळत वितळून गोठत राहतो.

किटसोबत आलेले कॅलिब्रेटर (ज्ञात पातळीचे नमुने) बहुधा मानवी सीरममध्ये बनवलेले असतात. ते उंदराच्या रक्तद्रवाला लागू पडतात, हे गृहीत धरू नका. कोऱ्या उंदराच्या रक्तद्रवात स्वतः कॅलिब्रेटर तयार करा. त्यानंतर मात्रा मिळालेल्या उंदराचा जास्त पातळीचा खरा नमुना कोऱ्या रक्तद्रवाने दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून प्रत्येक आकड्याला त्या पटीने गुणा. सगळे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. २०२२ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच एम१० या औषध-मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने या समांतरतेच्या तपासणीत ३० टक्क्यांपर्यंतचा विचलनगुणांक (आकड्यांमधल्या आपसातल्या फरकाचे माप) चालतो असे म्हटले आहे. आकडे पातळ करण्याबरोबर एका दिशेने चढत किंवा उतरत गेले, तर नमुन्यात डिजॉक्सिनशिवाय दुसरे काही तरी आहे, हे ओळखा. माझ्या मते तुमच्यासारख्या कामात इतर कोणत्याही तपासणीपेक्षा ही एक तपासणी जास्त बोलकी आहे, आणि प्रबंधांत तीच हमखास गाळलेली असते. आलेखासाठी एक्सेलमधली सरळ रेष वापरू नका. स्पर्धात्मक इम्युनोॲसेचा आलेख वळणदार असतो, त्याला चार घटकांचे लॉजिस्टिक समीकरण लागते. मधल्या भागात सरळ रेष बरी बसते आणि खालच्या टोकाला, जिथे तुमचे शेवटचे बिंदू आहेत, ती दगा देते.

जैविक औषधांवर काम करणाऱ्या तुमच्या मित्रांना यातले बरेच लागू होणार नाही. ॲडॅलिमुमॅबसारखे प्रतिपिंड-औषध मोजायला एलायझा हीच मुख्य पद्धत आहे. तिथली अडचण औषधाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे ही आहे, आणि तो स्वतंत्र विषय आहे.

राहिला परीक्षकांचा मुद्दा. एलसी-एमएस/एमएस म्हणजे अंतिम शब्द असे मी मानत नाही. डिजॉक्सिनचे आयनीभवन मुळात नीट होत नाही, ते बहुधा अमोनियमच्या जोडातून मोजले जाते, आणि मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या अंशापर्यंत जायचे तर यंत्र चांगले आणि चालवणारा त्याहून चांगला लागतो. पण एक गोष्ट ते निश्चित करते : डिजॉक्सिन आणि बिसडिजिटॉक्सोसाइड यांना ते वेगवेगळे दाखवते. सगळे नमुने त्यावर चालवण्याची गरज नाही. बाजूला ठेवलेल्या ट्यूबमधून डिजॉक्सिन मिळालेल्या प्रत्येक उंदराचे दोन नमुने निवडा, एक सर्वोच्च पातळीच्या जवळचा आणि एक शेवटच्या टप्प्यातला, आणि ते मुंबई किंवा पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेतून मोजून आणा. पाठवताना डब्यात कोरडा बर्फ प्रवासाच्या तासांपेक्षा एक दिवस जास्त पुरेल इतका भरा. घाटात गाडी अडकली तर कुरिअरवाला काही करू शकत नाही.

निकाल हाती आल्यावर प्रत्येक नमुन्याचा एलायझाचा आकडा एलसी-एमएस/एमएसच्या आकड्याने भागा आणि हे गुणोत्तर वेळेनुसार व गटानुसार मांडा. ते सगळीकडे एकच्या आसपास राहिले, तर किटवरचे सगळे आकडे ‘डिजॉक्सिन’ या नावाने छापा आणि परीक्षकांना हाच तक्ता दाखवा. सर्वोच्च पातळीला एकच्या जवळ आणि शेवटी दोन-अडीचवर गेले, पण डिजॉक्सिन मिळालेल्या तिन्ही गटांत सारखेच वागले, तर सर्वोच्च पातळी आणि सुरुवातीच्या काही तासांचे आलेखाखालील क्षेत्रफळ एवढेच वापरा, अर्धायुष्य काढू नका, आणि तक्त्याच्या मथळ्यात ‘डिजॉक्सिन-समकक्ष इम्युनोप्रतिक्रिया’ असे लिहा. अश्वगंधाच्या गटात गुणोत्तर इतरांपेक्षा वेगळे निघाले, तर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर किटकडे नाही. पण अश्वगंधाने एक तर चयापचय बदलले आहे किंवा चाचणीत हस्तक्षेप केला आहे, आणि या दोहोंपैकी कोणते हे चौथा गट आणि रक्तद्रव मिसळून केलेली तपासणी मिळून सांगतील.